धातूंचे आयन, पेशींमधले निरोप आणि आपले आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या एका महाविद्यालयात मी जीवरसायनशास्त्र शिकवते. वर्गाबाहेर येणारे प्रश्न सहसा पुस्तकातले नसतात. विचारणाऱ्याच्या हातात लॅबचा रिपोर्ट असतो, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी असते, नाहीतर व्हॉट्सॲपवर फिरत आलेला सल्ला असतो. परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषध सुरू करणं, थांबवणं किंवा मात्रा बदलणं मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

१. आयन म्हणजे नेमकं काय? आपल्या रक्तात खरंच लोखंड आणि तांबं असतं का?

असतं, पण खिळ्यातल्या किंवा तारेतल्या धातूच्या रूपात नाही. धातूच्या अणूने एक किंवा अधिक इलेक्ट्रॉन गमावले की त्याच्यावर धन प्रभार येतो, तोच आयन. काही आयन पाण्यात मोकळे फिरतात, काही प्रथिनांना घट्ट धरून असतात. प्रौढ माणसाच्या शरीरात कॅल्शियम साधारण एक किलो असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. लोह ३ ते ४ ग्रॅम, झिंक म्हणजे जस्त २ ते ३ ग्रॅम, आणि तांबं जेमतेम ०.१ ग्रॅम. वजनावरून महत्त्व ठरवू नका. त्या ०.१ ग्रॅमचा हिशोब चुकला तर काय होतं ते प्रश्न ११ मध्ये वाचा.

२. आयन 'निरोप देतो' असं म्हणतात. साधा प्रभार असलेला अणू निरोप कसा देणार?

पेशीच्या आतलं मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असतं. ते तसं राहावं म्हणून पेशी अखंड ऊर्जा खर्च करून कॅल्शियम बाहेर फेकत असते किंवा आतल्या कप्प्यांत कोंडून ठेवत असते. शांत खोलीत हळू बोललेलंही ऐकू येतं, तसं इथे आहे. आत एवढं कमी असल्यामुळेच थोडं कॅल्शियम शिरलं तरी पेशीला ते लगेच कळतं.

हृदयाचा एक ठोका जवळून पाहू. विजेची लहर आली की हृदयपेशीच्या पडद्यावरची कॅल्शियमची दारं उघडतात आणि थोडंसं कॅल्शियम आत येतं. ते आतल्या कोठारावरच्या दुसऱ्या दारांना जाऊन बसतं, ती उघडतात आणि कितीतरी जास्त कॅल्शियम बाहेर पडतं. मग ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं आणि स्नायूचे तंतू एकमेकांवर सरकतात. लगेच पंप सुरू होतात, कॅल्शियम परत कोठारात आणि पेशीबाहेर जातं, हृदय सैल पडतं. हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं.

लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी १८८२ मध्ये बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवून दाखवलं. पुढे लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केलं होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय थांबलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम ते चालवत होतं, हे त्यांनी १८८३ मध्ये मांडलं. सलाइनच्या बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट' लिहिलेलं असतं ते त्यांचंच नाव.

हेच कॅल्शियम स्वादुपिंडात इन्सुलिन बाहेर सोडायला लावतं आणि मेंदूत एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश पोचवतं. आयन एकच, पण तो कुठे वाढला, किती वेळ राहिला आणि कोणत्या प्रथिनाला भेटला यावर अर्थ ठरतो. पक्षाघातात रक्त थांबतं, ऊर्जा संपते, पंप बंद पडतात आणि कॅल्शियम चेतापेशीत शिरून साचतं. एरवी तिला जगवणारा तोच आयन मग तिचा नाश घडवून आणतो. 'कॅल्शियम चांगलं की वाईट' असं कुणी विचारलं की मला तो प्रश्न अपुरा वाटतो, तो यासाठीच.

३. मग सोडियम आणि पोटॅशियमचं काम काय?

पडद्याच्या दोन्ही बाजूंना विजेचा दाब तयार ठेवणं. एक पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कोऊ यांनी हा पंप १९५७ मध्ये दाखवला आणि त्यासाठी त्यांना १९९७ चं नोबेल मिळालं. काही हृदयरुग्णांना दिलं जाणारं डिगॉक्सिन हाच पंप अडवतं. पोटॅशियम कमी झालं की तेच औषध नेहमीच्या मात्रेतही विषारी ठरू शकतं, म्हणून अशा रुग्णांनी जुलाब-उलट्या अंगावर काढू नयेत.

४. लोकलच्या गर्दीत जीव घाबरला, ओठ बधिर झाले, बोटं वळली. नंतर कॅल्शियम तपासलं तर ९.४, अगदी नॉर्मल. मग मुंग्या कशाच्या?

घाबरल्यावर आपण नकळत भराभर श्वास घेतो. कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होतं. अशा रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन जास्त कॅल्शियम धरून ठेवतं. एकूण कॅल्शियम तेवढंच राहतं, मोकळं मात्र घटतं. मज्जातंतूंना मोकळ्या कॅल्शियमचाच परिणाम जाणवतो. ते घटलं की मज्जातंतू विनाकारण उत्तेजित होतात, म्हणून मुंग्या येतात आणि बोटं वळतात. नेहमीच्या रिपोर्टात एकूण आकडा येतो, त्यात हे दिसत नाही. शिवाय रक्त काढेपर्यंत श्वासही पूर्ववत झालेला असतो.

उलटही घडतं. यकृताच्या आजारात किंवा कुपोषणात अल्ब्युमिन कमी असतं, तेव्हा एकूण कॅल्शियम कमी दिसतं पण मोकळं ठीक असतं. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितके ग्रॅम कमी, तितक्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवून डॉक्टर अंदाज बांधतात. शंका उरली तर 'आयोनाइज्ड कॅल्शियम' ही वेगळी चाचणी करतात.

एक सांगते. छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल किंवा असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, तर तो भीतीचाच आहे असं स्वतः ठरवू नका.

५. सासूबाईंना बीपीसाठी ॲम्लोडिपिन आहे. ते 'कॅल्शियम अडवणारं' औषध आहे म्हणे. मग हाडांसाठी कॅल्शियमची गोळी दिली तर दोन्ही एकमेकांना रद्द करतील का?

नाही. ॲम्लोडिपिन रक्तातलं कॅल्शियम कमी करत नाही आणि हाडांनाही हात लावत नाही. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंमधली कॅल्शियमची दारं (प्रश्न २) ते कमी उघडू देतं, त्यामुळे वाहिन्या सैल पडतात. गोळीने रक्तातलं कॅल्शियम थोडं वर-खाली झालं तरी नेहमीच्या मात्रेत या परिणामावर फरक पडत नाही. अडचण दुसऱ्याच गोळीची असते. सासूबाई थायरॉइडची गोळी घेत असतील तर ती आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा, कारण कॅल्शियम ती गोळी आतड्यातच अडवतं. लोहाच्या गोळीलाही हेच लागू आहे.

६. बाबांचं पोटॅशियम ६.१ आलं. ते तर ठणठणीत आहेत. घाबरायचं का?

आधी दोन गोष्टी विचारा: मूत्रपिंडाचा आजार आहे का, आणि रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असं लिहिलंय का. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या किंवा पट्टा घट्ट बांधून मूठ खूप वेळ उघड-मीट करायला लावली, की आतलं पोटॅशियम नमुन्यात मिसळतं आणि आकडा फुगतो. तेव्हा लगेच पुन्हा तपासणी करतात.

पण बाबांना मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा ते टेल्मिसार्टन अथवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम वाढवू शकणारी औषधं घेत असतील, तर आकडा खरा धरून त्याच दिवशी ईसीजी काढा. जास्त पोटॅशियममुळे माणूस ठणठणीत दिसत असतानाच हृदयाची लय बिघडू शकते. अशा वेळी दवाखान्यात शिरेतून कॅल्शियम देतात. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, हृदय तेवढ्यापुरतं सावरतं आणि बाकीच्या उपचारांना वेळ मिळतो.

मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या घरी दोन चुका वारंवार दिसतात. अशक्तपणा आला म्हणून रोज शहाळं देतात, आणि मीठ कमी करायचं म्हणून 'लो सोडियम' मीठ आणतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं.

७. झिंक नेमकं काय करतं? जुलाबात मुलांना ओआरएसबरोबर झिंक का देतात?

माणसाच्या सुमारे दहा टक्के प्रथिनांना झिंक लागतं. जनुकं चालू-बंद करणाऱ्या कित्येक प्रथिनांची घडी झिंकमुळेच टिकते. त्याशिवाय मोकळं झिंक स्वतःही निरोप देतं. पेशीच्या आतल्या कप्प्यांतून ते सुटतं आणि काही एन्झाइमांना थोपवतं, त्यामुळे वाढीचे आणि प्रतिकाराचे संदेश जास्त वेळ टिकतात. स्वादुपिंडात सहा इन्सुलिन रेणू दोन झिंक आयनांभोवती बांधून साठवलेले असतात. टाइप १ मधुमेहात शरीर झिंक वाहून नेणाऱ्या झेडएनटी८ या प्रथिनाविरुद्धही प्रतिपिंडं बनवू शकतं, आणि ती तपासून निदानाला मदत होते.

झिंकच्या कमतरतेने माणसाची वाढ खुंटते हे ओळखलं ते बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी. इराणमधल्या शिराजला त्यांना विशीतले, पण लहान मुलांसारखे दिसणारे तरुण भेटले. त्यांचा आहार जवळजवळ सगळा रोटीचा होता. धान्यातलं फायटेट झिंकला बांधून ठेवतं आणि ते शोषलं जात नाही. १९६१ मध्ये त्यांनी हे मांडलं तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. आपल्याकडे मटकीला मोड आणणं आणि आंबोळीचं पीठ आंबवणं यांनी फायटेट कमी होतं.

जुलाबात झिंक शरीराबाहेर वाहून जातं, आणि आतड्याचं अस्तर भरून यायला तर झिंकच लागतं. म्हणून भारतात सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहानांना १० मिलिग्रॅम, १४ दिवस देतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी औषध थांबवू नका. या यादीतला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे, म्हणून आयांना मी तो आग्रहाने सांगते.

८. कोविडपासून रोज ५० मिलिग्रॅम झिंक घेतोय. प्रतिकारशक्तीसाठी चालू ठेवू ना?

डॉक्टरांनी कारण सांगून दिलं नसेल तर नको. प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम मानली जाते, तीही आहार धरून. जास्त झिंक महिनोन्महिने घेतलं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन बनवतात. ते तांब्याला जास्त घट्ट धरतं, आणि पेशी झडल्या की तांबंही शौचावाटे निघून जातं. मग तांब्याची कमतरता होते: लोह देऊनही न सुधारणारा ॲनिमिया, पांढऱ्या पेशी कमी, आणि पुढे मज्जारज्जूवर परिणाम होऊन चालताना तोल जाणं. हा शेवटचा त्रास पूर्ण भरून येईलच असं नाही. (हेच तत्त्व एका आजारात औषध म्हणून वापरतात, प्रश्न १२.)

९. हिमोग्लोबिन ८ आहे. लोहाच्या गोळ्या घेते, पण वाढत नाही. का?

सगळ्यात आधी चहा. जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहातलं टॅनिन अन्नातल्या आणि गोळीतल्या लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त घटवू शकतं. तासाभराचं अंतर ठेवा आणि गोळीबरोबर लिंबूपाणी किंवा आवळा घ्या.

दुसरं कारण शरीराच्या आतलं आहे. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, म्हणून सगळं नियंत्रण ते आत येतानाच होतं. यकृतातून येणारं हेप्सिडिन लोहाचं दार बंद करतं. जुना संसर्ग, संधिवात, मूत्रपिंडाचा आजार यांत हेप्सिडिन वाढतं, आणि कोठारात लोह असूनही ते रक्त बनवणाऱ्या हाडांतल्या मज्जेपर्यंत पोचत नाही. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा आकडा, नॉर्मल दिसतं, ॲनिमिया मात्र तसाच राहतो. लोहाच्या मोठ्या मात्रेनंतरही हेप्सिडिन दिवसभर वाढलेलं राहतं, म्हणून काही डॉक्टर गोळी एक दिवसाआड देतात.

तिसरं, रक्त कुठून जातंय ते शोधायला हवं: पाळी, मूळव्याध, जंत. चौथ्या कारणासाठी पुढचा प्रश्न वाचा.

१०. लग्न ठरतंय. माझं हिमोग्लोबिन १०.५, एमसीव्ही ६४. लहानपणापासून लोह देतात. आता थॅलेसेमियाची तपासणी सांगितली, ती खरंच लागेल का?

नक्की करा. एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार. तो इतका कमी आणि लाल पेशींची संख्या भरपूर असेल तर थॅलेसेमिया मायनर असू शकतो. थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक दोष. तसं असेल तर तुम्ही फक्त वाहक आहात, आजारी नाही, आणि कमतरता नसताना लोह घेण्याचा उपयोग नाही. हिमोग्लोबिनचा ए२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांवर गेला की वाहक असल्याचं कळतं. मात्र लोहाची कमतरता जोडीला असेल तर ए२ खोटं नॉर्मल दिसू शकतं. त्यामुळे फेरिटिन सोबत तपासा, आणि शंका राहिली तर लोह भरून काढून चाचणी पुन्हा करा. वाहकांचं प्रमाण सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत जास्त आहे, पण ते इतरत्रही आढळतं. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था याच आजारांवर काम करते.

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता थॅलेसेमिया मेजर या गंभीर प्रकाराची असते. त्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं, आणि रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येतं. अन्नातून शरीर दिवसाला घेतं जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. मोकळं लोह हृदयपेशीत ज्या वाटांनी शिरतं त्यातली एक म्हणजे प्रश्न २ मधली कॅल्शियमची दारं, म्हणून प्रश्न ५ मधलं ॲम्लोडिपिन या मुलांमध्ये जोड-औषध म्हणून अभ्यासलं गेलं आहे. लोह काढणारं डेफेरिप्रोन हे तोंडाने घ्यायचं औषध १९९०च्या दशकाच्या मध्यात जगात सर्वप्रथम भारतात मिळू लागलं, ते मुंबईच्या सिप्लाकडून. ते घेताना पांढऱ्या पेशी नियमित तपासाव्या लागतात. ताप आला तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

११. तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं की वाईट? आणि आजीची पितळेची भांडी वापरू का?

निरोगी माणसाने रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं साधं पाणी प्यायलं तर सहसा काही बिघडत नाही. यकृत जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. आंबट पदार्थांची गोष्ट वेगळी. ताक, लिंबू सरबत, सोलकढी तांब्या-पितळेत ठेवू नका. तांबं विरघळतं, मळमळ आणि उलट्या होतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाळाचं दूध. एकेकाळी आपल्याकडे एक ते तीन वर्षांची मुलं यकृत कडक होऊन दगावत. पोट फुगायचं, कावीळ व्हायची. यकृतात तांबं प्रचंड साठलेलं आढळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले शीला भावे आणि आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या घरांतल्या सवयी तपासल्या आणि १९८३ मध्ये मांडलं की लवकर वरचं दूध सुरू झालेल्या बाळांचं दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलं आणि ठेवलं जात होतं. दुधातलं केसिन तांब्याला धरून ठेवतं, आणि ते बाळाच्या पोटात जातं. काही बाळांत आनुवंशिक कलही असावा, कारण तशाच भांड्यांतलं दूध पिणारी सगळीच मुलं आजारी पडली नाहीत. भांडी बदलली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

आजीची भांडी वापरायची तर कल्हई हवीच. कल्हईवाला भांडं भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने आतून भराभर फिरवतो. क्षणात पिवळं भांडं चंदेरी होतं. कथलाचा तो थर अन्न आणि पितळ यांच्यामध्ये उभा असतो. आतून पिवळं किंवा लालसर दिसायला लागलं की थर गेला, कल्हई पुन्हा करा. कथलात शिसं मिसळलेलं नाही ना, हेही विचारा (प्रश्न १५).

१२. माझा भाऊ एकोणीस वर्षांचा. अक्षर बिघडलं, चिडचिड वाढली, आता विल्सन आजार म्हणतात. मलाही होईल का?

तुमचीही तपासणी आताच करा, काही त्रास नसला तरी. एटीपी७बी या जनुकातला दोष आई आणि वडील दोघांकडून आला की यकृताला तांबं पित्तात टाकता येत नाही. ते यकृतात, मग मेंदूत आणि डोळ्यांत साठतं. बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडं दिसू शकतं. सख्ख्या भावंडांना शक्यता २५ टक्के. सेरुलोप्लाझमिन (रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन), २४ तासांच्या लघवीतलं तांबं, डोळ्यांची तपासणी आणि जनुक-चाचणी करतात. लक्षणांआधी कळलं तर उपचारांनी आयुष्य जवळपास सर्वांसारखं जातं.

पेनिसिलामिन आणि ट्रायेंटीन तांबं लघवीवाटे काढतात. झिंक ते आतड्यातच अडवतं, म्हणजे प्रश्न ८ मधला दुष्परिणाम इथे उपचार होतो. तांब्याच्या भांड्यातलं पाणी या रुग्णांना पूर्ण बंद, आणि सुरुवातीला कालवं, खेकडे, कलेजी, सुकामेवा टाळायचा. बरं वाटतंय म्हणून औषध सोडणं हा या आजारातला सर्वांत मोठा धोका आहे. यकृत अचानक निकामी होऊ शकतं.

१३. बहिणीला बाळंतपणात बीपी वाढल्यावर मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं. ते कशासाठी?

झटके येऊ नयेत म्हणून. मॅग्नेशियम मेंदूतल्या एनएमडीए या दारांना बूच घालतं आणि चेतापेशींत शिरणारं कॅल्शियम रोखतं. झटके याच मार्गाने थांबतात की रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळेही, यावर मतं वेगळी आहेत. परिणामाबद्दल मात्र वाद नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासात झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. नर्स गुडघ्यावर हातोडी मारून पाहते आणि श्वास मोजते, कारण मॅग्नेशियम जास्त झालं की आधी हे मंदावतात. त्यावर उतारा कॅल्शियमचाच.

१४. मनाच्या तीव्र चढ-उतारांसाठी लिथियम घेतो. त्याचा मीठ-पाण्याशी काय संबंध?

खूप जवळचा. मूत्रपिंड लिथियमला जवळपास सोडियमसारखंच वागवतं. सोडियम किंवा पाणी कमी पडलं की ते सोडियम परत ओढून घेतं, आणि त्याबरोबर लिथियमही. ऑक्टोबरच्या उकाड्यात खूप घाम आला, पावसाळ्यात जुलाब लागले, कडक निर्जळी उपवास केला, किंवा अंगदुखीवर आयब्युप्रोफेन घेतलं, तर तीच गोळी जास्त होऊ शकते. हात थरथरणं वाढलं, जीभ जड झाली, तोल गेला तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि रक्तातली पातळी तपासा. अचानक अळणी खाणं सुरू करू नका.

१५. शिसं मुलांना इतकं घातक का?

ते कॅल्शियमची जागा घेतं आणि चुकीचे निरोप देतं. चेतापेशींमधली काही प्रथिनं कॅल्शियमपेक्षा शिशालाच जास्त घट्ट धरतात. रक्त बनवणाऱ्या एका एन्झाइममधून ते झिंकला हुसकावून लावतं. ज्या मुलांत लोह आणि कॅल्शियम कमी असतं ती शिसं जास्त शोषतात, म्हणून घरातल्या सगळ्यात अशक्त मुलाला धोका सगळ्यात जास्त. भारतात २००० पासून पेट्रोल शिसेरहित झालं, पण जुन्या चाळींतला सुटणारा रंग, बॅटऱ्या फोडण्याचं काम, काही भस्मं आणि रंग चढवलेली हळद हे स्रोत उरलेच आहेत. सुरक्षित पातळी अशी कुठलीच माहीत नाही.

१६. ॲल्युमिनियमच्या कुकरमुळे अल्झायमर होतो का?

भांड्यांमुळे होतो असा पुरावा नाही. १९७० च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातल्या ॲल्युमिनियममुळे रुग्णांच्या मेंदूवर परिणाम झाला होता. भीतीचं एक मूळ तिथे आहे. पण तिथे ते थेट रक्तात जात होतं आणि मूत्रपिंडं बंद होती. चिंच-टोमॅटोचं सार स्टीलमध्ये करा, एवढं पुरे.

१७. केस तपासून 'शरीरात जड धातू आहेत' असं सांगितलं आणि डिटॉक्सचं सलाइन सुचवलं. घेऊ का?

नको. केसांवर शाम्पू, रंग, धूळ, पाणी सगळ्यांचा परिणाम होतो. उपचार ठरवायचा तर शिशासाठी रक्त आणि तांब्यासाठी प्रश्न १२ मधल्या तपासण्या लागतात. धातू काढणारी औषधं निवडक नसतात, ती झिंक आणि तांबंही नेतात. त्यांतल्याच ईडीटीए या औषधाचे दोन प्रकार आहेत. शिशाच्या विषबाधेत कॅल्शियम आधीच बांधलेला प्रकार देतात. त्याच्या जागी डायसोडियम ईडीटीए दिलं गेलं तर ते रक्तातलं मोकळं कॅल्शियम झटक्यात ओढून घेतं आणि हृदय थांबतं. २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत असे मृत्यू झाले आहेत. कुणी असं सलाइन सुचवलं तर औषधाचं पूर्ण नाव लिहून मागा, ज्या रक्तचाचणीवरून ते ठरवलं ती पाहायला मागा, आणि दोन्ही घेऊन मोठ्या रुग्णालयातल्या फिजिशियनना दाखवा.